आईस हॉकीची निवडचाचणी: मुलाचा संघ कसा ठरतो आणि पालकांनी कोणत्या क्रमाने काय करावे

कॅनडातील ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, कॅल्गरी किंवा एडमंटनमध्ये राहणारे आणि स्वतः कधी बर्फावर न उतरलेले अनेक मराठी पालक मुलांना आईस हॉकीत घालतात. पहिले दोनतीन हंगाम सुरळीत जातात, आणि मुलगा किंवा मुलगी नऊदहा वर्षांची झाली की निवडचाचणीच्या वेळी घरात गोंधळ उडतो. या गोंधळाचे कारण मुलाच्या खेळात क्वचितच असते. चाचणी कशासाठी आहे हे न कळणे, तारखा चुकणे, नको त्या गोष्टीची तयारी करणे आणि यादी लागल्यावर घाईने ईमेल पाठवणे, या चार चुका वारंवार होतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. ही बोर्डाची परीक्षा नाही. येथे पास होण्याचे गुण ठरलेले नसतात. त्या वर्षी त्या वयोगटात किती मुले आली, किती संघ करायचे ठरले आणि प्रत्येक संघात किती जागा आहेत, यावर रेषा कुठे पडणार ते ठरते. त्यामुळे तेवढाच चांगला खेळणारा मुलगा एका वर्षी दुसऱ्या संघात आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या संघात जाऊ शकतो, आणि त्याचा अर्थ तो मागे पडला असा होतोच असे नाही.

१. कोणत्या प्रकारची चाचणी आहे ते आधी ओळखा

‘इव्हॅल्युएशन’ आणि ‘ट्रायआउट’ हे शब्द सरसकट वापरले जातात, पण त्यांच्यामागे तीन वेगवेगळ्या पद्धती असतात आणि तयारी पद्धतीप्रमाणे बदलते.

पहिली पद्धत हाउस लीगची. येथे कोणालाही वगळले जात नाही. मुलांना क्रमांक दिला जातो तो सर्व संघ सारख्या ताकदीचे व्हावेत म्हणून. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा मुलगा एका संघात, दुसऱ्या क्रमांकाचा दुसऱ्या संघात, अशी वाटणी होते. ‘वरचा संघ’ असा काही प्रकार येथे नसतो, त्यामुळे त्यासाठी झुरण्यात अर्थ नाही.

दुसरी पद्धत टायरची, जी अल्बर्टा प्रांतात विशेष रूढ आहे. येथेही नोंदणी केलेल्या मुलाला संघ मिळतो, पण मुले ताकदीप्रमाणे टायर एक, दोन, तीन अशा उतरत्या पायऱ्यांवर लावली जातात आणि सामने त्याच पायरीच्या संघांशी होतात.

तिसरी पद्धत रेप हॉकीची, म्हणजे ऑन्टारिओ प्रांतात ए, एए आणि एएए (सर्वांत वरचा) या स्तरांच्या निवडक संघांची. येथे प्रशिक्षक मुले निवडतात आणि बाकीच्यांना सोडतात. ज्याची निवड होत नाही त्याला खालच्या स्तराच्या चाचणीला किंवा हाउस लीगला जावे लागते. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थानिक संघटना एए, ए, बी१, बी२, सी अशा पायऱ्या लावतात. तेथे वरच्या संघांसाठी चुरस असली तरी रचना गावाच्या संघटनेभोवतीच असते.

तपासणी: आपल्या संघटनेच्या नियमपत्रकातून तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत. संघ समतोल करायचे आहेत की पायरीप्रमाणे? अंतिम निर्णय परीक्षकांच्या गुणांचा की प्रशिक्षकाचा? प्रशिक्षकाच्या पसंतीसाठी काही जागा राखीव आहेत का?

२. वयोगट, कागदपत्रे आणि तारखा

कॅनडात वयोगट जन्मवर्षावर ठरतो आणि हंगामातील ३१ डिसेंबर ही सीमा मानली जाते. हिशेब सोपा आहे: हंगाम ज्या वर्षी सुरू होतो त्यातून जन्मवर्ष वजा करावे. उत्तर नऊ किंवा दहा आले तर गट यू-११, म्हणजे अकरा वर्षांखालील. २०२५-२६ च्या हंगामात २०१५ आणि २०१६ साली जन्मलेली मुले यू-११ मध्ये येतात. अमेरिकेत हीच मुले १०-यू म्हणवली जातात. नाव वेगळे, जन्मवर्षे तीच. टोरांटोहून न्यू जर्सीला किंवा उलट स्थलांतर करणारी कुटुंबे येथे हमखास चुकतात आणि मुलगा एक गट खाली गेला असे समजून बसतात.

या सीमेचा एक परिणाम पालकांनी लक्षात ठेवावा. २०१५ च्या जानेवारीत जन्मलेले मूल आणि २०१६ च्या डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच बर्फावर एकाच परीक्षकासमोर उभी असतात आणि त्यांच्यात जवळजवळ दोन वर्षांचे अंतर असते. वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले वरच्या संघांत प्रमाणाबाहेर दिसतात, हे कॅनडातील संशोधक १९८० च्या दशकापासून मांडत आले आहेत. आपले मूल नोव्हेंबरचे असेल आणि गटात पहिल्या वर्षाचे असेल, तर मधली पायरी ही त्याची योग्य जागा असण्याची शक्यता मोठी असते.

नोंदणी पूर्ण आणि शुल्क भरलेले असल्याशिवाय मुलाला बर्फावर सोडत नाहीत. अनेक प्रांतांत घरातील किमान एका पालकाने ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. तो साधारण तासाभरात संपतो, पण आदल्या रात्री सुरू केल्यास पासवर्डपासून अडचणी येतात. दुसऱ्या संघटनेच्या चाचणीला जायचे असेल, तर काही ठिकाणी आपल्या मूळ संघटनेकडून ‘परमिशन टू स्केट’ हे पत्र आधी घ्यावे लागते. यू-१५ पासून काही स्तरांवर बॉडी चेकिंगला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने धक्का देऊन अडवण्याला, परवानगी असते. चेकिंगचा की बिनचेकिंगचा प्रवाह हवा, हा पर्याय जेथे आहे तेथे तो नोंदणीच्या वेळीच नोंदवावा लागतो.

तारखांचे म्हणाल तर एएएसारख्या वरच्या स्तरांच्या चाचण्या ऑन्टारिओत पुष्कळदा वसंतात, एप्रिलमे महिन्यांत होतात. लहान वयोगटांच्या आणि अल्बर्टातल्या बहुतेक चाचण्या शाळा सुरू झाल्यावर सप्टेंबरात होतात. सप्टेंबरच्या चाचण्या पुष्कळदा गणपतीच्या दिवसांत येतात, आणि मुले भारतातून ऑगस्टच्या अखेरीस परतलेली असतात, पाय दोन महिने स्केटमध्ये गेलेला नसतो, पहाटे तीनला डोळा उघडत असतो. तिकिटे काढण्याआधी संघटनेचे वेळापत्रक पाहावे. ते लागले नसेल तर मागच्या वर्षीचे पाहावे आणि परतण्याची तारीख पहिल्या सत्राच्या किमान दहा दिवस आधीची ठेवावी.

इशारा: सत्र चुकले की गुण नाहीत, असाच सर्वसाधारण नियम असतो. आजारपण किंवा दुखापत असल्यास चाचणी सुरू होण्याआधी लेखी कळवावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. अशा मुलाची जागा बहुधा मागच्या हंगामाच्या नोंदीवरून ठरवतात. चाचणी संपल्यावर सांगितलेले आजारपण कोणी विचारात घेत नाही.

३. आधीचे पाच-सहा आठवडे

लहान गटांत परीक्षकाच्या नजरेत सर्वांत आधी भरते ते स्केटिंग. पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबराची चकती) हाताळणे, पास देणे, फटका मारणे हे सर्व त्याच्यावर उभे असते, आणि जो मुलगा पकपर्यंत पोहोचतच नाही त्याचा फटका किती जोरदार आहे हे दिसण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून तयारीचा मोठा वाटा पुढील पाच गोष्टींना द्यावा: पहिल्या तीन पावलांचा वेग, दोन्ही बाजूंनी हॉकी स्टॉप, दोन्ही दिशांना क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणे), उलटे स्केटिंग, आणि पुढून मागे व मागून पुढे वळणे.

‘दोन्ही बाजूंनी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. बहुतेक मुले एकाच बाजूला वळून थांबतात, आणि ही उणीव घरच्यांना वर्षभर दिसत नाही. पुण्यामुंबईत चाकांच्या स्केटवर शिकून आलेल्या मुलांत आणखी एक खोड आढळते: ती वेगात छान जातात, पण थांबताना एक पाय मागे ओढतात किंवा गोल वळसा घेऊन वेग कमी करतात. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून, गुडघे वाकवून, बर्फ खरवडत जागीच थांबावे लागते. थांबण्याऐवजी वळसा घेणारा मुलगा दर वेळी खेळाच्या दोन पावले मागे राहतो, आणि गॅलरीत बसलेल्या परीक्षकाला ते चटकन दिसते.

यासाठी महागडे शिबिर आवश्यक नाही. नगरपालिकेच्या रिंकवर सार्वजनिक स्केटिंगची आणि ‘स्टिक अँड पक’ची सत्रे अल्प शुल्कात मिळतात. आठवड्यातून दोन वेळा जाऊन अर्धा वेळ वरील पाच गोष्टींना आणि अर्धा वेळ मनसोक्त खेळण्याला द्यावा. शेवटच्या आठवड्यात रोज पॉवर स्केटिंगचा वर्ग लावणे ही नेहमीची चूक आहे. त्या आठवड्यात नवे कौशल्य अंगवळणी पडत नाही, थकवा मात्र नक्की येतो. माझ्या मते चाचणीच्या आदल्या दिवशी बर्फावर जाऊच नये.

४. साहित्य

स्केटला धार चाचणीच्या सकाळी लावू नये. एकदोन दिवस आधी लावावी आणि मधे एकदा त्यावर स्केटिंग करून पाहावे, कारण ताज्या धारेवर पाते बर्फात जास्त रुतते आणि सवय नसलेला मुलगा थांबताना तोंडावर पडतो. नवे स्केट चाचणीच्या दिवशी प्रथमच घालू देऊ नयेत. स्टिकची उंची स्केट घातल्यावर साधारण हनुवटीपर्यंत यावी. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून घेतलेली लांब आणि कडक स्टिक मुलाचे सगळे पक हाताळणे बिघडवते.

कॅनडात हेल्मेट आणि तोंडावरच्या जाळीवर सीएसए या मानक संस्थेचे प्रमाणचिन्ह, तर मानेच्या पट्ट्यावर बीएनक्यू या क्वेबेकच्या मानक संस्थेचे चिन्ह असावे लागते. भारतातून किंवा जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या वस्तूंवर ते आहे की नाही हे घरीच पाहावे.

तपासणी: आदल्या संध्याकाळी सर्व साहित्य जमिनीवर मांडावे आणि मुलाकडूनच मोजून पिशवीत भरवावे. नाव लिहिलेली पाण्याची बाटली आणि शक्य असल्यास दुसरी स्टिक सोबत असावी.

५. चाचणीचा दिवस: नोंदणीचे टेबल

किमान पाऊण तास आधी पोहोचावे. जेवण दोनअडीच तास आधी आणि हलके असावे. निघता निघता आग्रहाने वाढलेला तुपातला शिरा दुसऱ्या ड्रिलला पोटात बोलू लागतो.

रिंकच्या दारात स्वयंसेवक एक टेबल मांडून बसलेले असतात. तेथे मुलाला रंगीत पिनी (वरून घालायचा बिनबाह्यांचा अंगरखा) किंवा जर्सी मिळते आणि तिचा क्रमांक त्याच्या नावासमोर लिहिला जातो. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर नावे नसतात. असतो तो रंग आणि क्रमांक. पुढचा तासभर मुलगा म्हणजे ‘निळा सदतीस’. म्हणून टेबलावरची ती एक ओळ ही पालकाच्या हातात असलेली दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. क्रमांक बरोबर लिहिला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पिनीचा पाठीकडून फोटो घेऊन ठेवावा. पिनी खांद्यांच्या पॅडवरून नीट बसते, क्रमांक पँटमध्ये खोचला जात नाही, हे पाहावे. चेंजिंग रूममध्ये मित्रांनी गंमत म्हणून पिन्या बदलल्या, की एकाचे गुण दुसऱ्याला जातात.

मूल डिफेन्सला खेळते की फॉरवर्ड, हे विचारले तर येथेच सांगावे. परीक्षकांकडे जाऊन ओळख करून देणे मात्र कटाक्षाने टाळावे.

६. बर्फावर काय पाहिले जाते

लहान वयोगटांसाठी हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनात चाचणीआधी सरावाची संधी आणि किमान तीन मूल्यमापन सत्रे सुचवलेली आहेत: एक कौशल्यांचे, एक छोट्या जागेतल्या खेळांचे आणि एक सामन्याचे. संघटनेप्रमाणे क्रम आणि संख्या बदलते, पण नजर कशावर असते ते फारसे बदलत नाही.

कौशल्यांचे सत्र. खांबांमधून वळणे, ब्लू लाइनपर्यंत (बर्फावरच्या निळ्या रेषेपर्यंत) जाऊन थांबणे व परतणे, उलटे स्केटिंग, पक घेऊन तीच वाट, पास आणि फटका अशा ड्रिल असतात. काही ठिकाणी वेळ मोजतात. फळ्यावर ड्रिल एकदाच आणि भरभर समजावतात. म्हणून मुलाला इतकेच शिकवावे, की समजले नसेल तर रांगेत पहिले उभे राहू नये. तिसरेचौथे राहून पुढच्यांचे पाहावे. पडल्यावर काय करतो हेही पाहिले जाते. पडण्याने फारसे बिघडत नाही. पडल्यावर तसेच बसून राहिल्याने बिघडते. रांगेत उभे असताना शेजाऱ्याच्या हेल्मेटवर स्टिक आपटणारा मुलगाही गॅलरीतून दिसत असतो.

छोट्या जागेतले खेळ. तीन विरुद्ध तीन, रिंकच्या एका तुकड्यात. बर्फ मोठा असला की वेगवान मुलगा इतर उणिवा झाकू शकतो. छोट्या जागेत ते जमत नाही. पक सारखा पायाशी येतो, निर्णय क्षणात घ्यावे लागतात, आणि म्हणून अनुभवी परीक्षक या सत्राला फार मानतात. कडेच्या फळीशी झुंजताना मुलगा स्टिक पुढे करून वाट पाहतो की अंग घालतो? पास दिल्यावर उभा राहतो की मोकळ्या जागेत सरकतो? मान वर असते की पकवर खिळलेली? बहुतेक पालक मुलाला ‘गोल कर’ एवढेच सांगून पाठवतात. येथे गोलांची संख्या कोणी लिहीत नाही.

सामना. येथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. सामन्यात एका मुलाजवळ पक असतो तो काही सेकंदच, बाकीचा वेळ तो पकशिवाय असतो, आणि परीक्षकाचा कागद बहुतेक त्या बाकीच्या वेळात भरतो. पक हरवल्यावर लगेच मागे वळून पाठलाग करणे, ज्याला बॅकचेक म्हणतात, हे एकच लक्षण मधल्या पायऱ्यांवर मुलाला वर नेऊ शकते. पाच जणांना चुकवत एकट्याने पक नेण्याचा प्रयत्न तिसऱ्यांदा फसला, की तो उणिवांच्या रकान्यात जातो.

शिफ्टची, म्हणजे आळीपाळीने बर्फावर उतरण्याची, शिस्त स्वतंत्रपणे सांगायला हवी. मिनिटादीड मिनिटाने भोंगा वाजतो आणि बर्फावरची मुले बदलतात. भोंगा वाजल्यावर पक तिथेच सोडून बेंचकडे यायचे असते. जास्त वेळ दिसावे म्हणून मुलाला रेंगाळायला सांगणारे पालक त्याचे नुकसान करतात, कारण शेवटच्या वीस सेकंदांत दमलेला, सरळ पायांनी तरंगणारा मुलगाच परीक्षकाला दिसतो. फॉरवर्ड खेळणाऱ्या मुलाला डिफेन्सला उभे केले, तर तक्रार न करता खेळावे. किती लवचिक आहे हे पाहण्यासाठीच पुष्कळदा तसे करतात.

गोली. गोलकीपरांचे मूल्यमापन वेगळे होते आणि बहुधा त्यांच्यासाठी स्वतंत्र सत्र असते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकणे, गुडघ्यांवर जाऊन पुन्हा उभे राहणे, कोन झाकण्यासाठी पुढे येणे आणि अडवलेला पक कुठे जातो हे पाहतात. समोरचा बचाव दुबळा असेल तर जास्त गोल होणारच, हे परीक्षकांना कळते. पाचव्या गोलनंतर गोली कसा उभा राहतो याकडे लक्ष असते.

इशारा: काचेवर थाप मारून सूचना देऊ नयेत. मुलगा खेळ सोडून काचेकडे बघतो, आणि ते वरून स्पष्ट दिसते. काही संघटना पालकांना सत्र पाहूही देत नाहीत. त्यावर वाद घालू नये.

७. गट बदलणे आणि यादी लागणे

पहिल्या सत्रानंतर गट पुन्हा लावले जातात आणि यादी क्रमांकांनिशी संकेतस्थळावर येते. मुलगा खालच्या गटात गेला की घरात सुतकी वातावरण होते, पण अंतिम निर्णय अजून व्हायचा असतो. जवळपास सारखी मुले एकत्र ठेवून त्यांची तुलना करायची असते, आणि दोन पायऱ्यांच्या सीमेवरच्या मुलांना म्हणूनच एखादे जादा सत्रही देतात. खालच्या गटात उठून दिसणारा मुलगा पुढच्या सत्रात वर जातो. वरच्या गटात दबून राहिलेला खाली येतो. सत्रांच्या मधल्या दिवसांत गाडीत बसल्या बसल्या प्रत्येक शिफ्टची चिरफाड करू नये, आणि अमक्याचा मुलगा कोणत्या गटात गेला हे व्हॉट्सअॅपवर विचारत बसू नये.

अंतिम संघ साधारण नऊ फॉरवर्ड, सहा डिफेन्स आणि दोन गोली अशा हिशेबाने बसवतात. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: डिफेन्सला तयार असलेली मुले कमी असतील, तर गुणांनी थोडा मागे असलेला डिफेन्सचा मुलगा फॉरवर्डच्या आधी निवडला जाऊ शकतो. याला पक्षपात म्हणता येत नाही.

८. होकार देण्याआधी

टायर किंवा हाउस लीगमध्ये संघ नेमून दिला जातो, होकाराचा प्रश्न नसतो. रेपमध्ये प्रशिक्षक जागा देऊ करतात आणि उत्तरासाठी एकदोन दिवसच मिळू शकतात. सही केल्यावर त्या हंगामात दुसरीकडे जाणे अवघड असते, म्हणून सहीआधी पुढील गोष्टी विचाराव्यात: संघाचे एकूण शुल्क आणि ते कोणत्या हप्त्यांत, आठवड्यातील सराव, बाहेरगावच्या स्पर्धा आणि हॉटेलांचा खर्च, चुरशीच्या सामन्यात सर्वांना समान वेळ मिळेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर मुलगा वरच्या संघात बेंचवर बसणार की खालच्या संघात भरपूर खेळणार, याचा विचार पैशाइतक्याच गांभीर्याने करावा. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी दुसरा पर्याय निवडेन.

९. निकाल मान्य नसेल तर

चोवीस तास काहीही लिहू नये. अनेक संघटनांचा तसा नियमच असतो. त्यानंतर फेरतपासणी मागता येते ती प्रक्रियेतील चुकीसाठी: क्रमांक चुकीचा लिहिला गेला, एका सत्राचे गुण नोंदले गेले नाहीत, जन्मवर्ष चुकले. येथे पिनीचा तो फोटो उपयोगी पडतो. ‘आमचा मुलगा त्याच्यापेक्षा चांगला आहे’ हे कारण चालत नाही आणि दुसऱ्या मुलाचे नाव पत्रात घेतल्यास पत्र बाजूला पडते. संबंधित वयोगटाच्या समन्वयकाला एकच पत्र लिहावे, प्रशिक्षक, अध्यक्ष आणि परीक्षक यांना एकाच वेळी नाही.

फेरतपासणीपेक्षा अभिप्राय मागणे अधिक उपयोगी ठरते. ‘पुढच्या हंगामापर्यंत त्याने कोणत्या दोन गोष्टींवर काम करावे?’ असे विचारले तर बहुतेक ठिकाणी प्रामाणिक उत्तर मिळते. टायर पद्धतीत हंगामाच्या आरंभीच्या सामन्यांनंतर फार एकतर्फी निकाल लागत असतील, तर संघाची पायरी बदलली जाते. शिवाय खालच्या संघातल्या मुलाची ‘अफिलिएट’ खेळाडू म्हणून वरच्या संघाकडे नोंद करता येते आणि तेथे खेळाडू कमी पडले की त्याला बोलावतात. ही नोंद आपोआप होत नाही आणि तिला अंतिम तारीख असते. संघ ठरल्यावर पहिल्याच पालकसभेत ती तारीख विचारून घ्यावी.